मेस्त्रींनी नको म्हटलेले टायर

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पुण्याहून बंगलोरला नोकरीला गेलो. कारखाना सरकारी, खातं तपासणीचं. बाहेरून जो माल यायचा, पोलादाच्या सळया, रबराच्या चकत्या, कातड्याचे पट्टे, त्याचे तुकडे यंत्रात धरून ओढायचे, किती जोराला तुटतात ते पाहायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. वय तेवीस. माझ्या सहीवाचून इथे काही हलत नाही असं मला वाटायचं, आणि ते मी लपवतही नसे.

अण्णा ड्रॉइंग ऑफिसात होते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या वेळी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी बोलत, पण तशी मराठी मी तोवर ऐकली नव्हती. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी भात वाढणाऱ्यापुढे घुटमळत उभा होतो, कन्नडचा एक शब्द येत नव्हता, तेव्हा मागून आवाज आला, "स्वल्प थांब, मी सांगतो की." वळून पाहिलं तर शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, उंच, सावळा माणूस हसत होता. त्या दिवसापासून मी त्यांना अण्णा म्हणू लागलो. सगळेच म्हणत.

त्यांचं घर चामराजपेटेत होतं. घरात दोघंच, अण्णा आणि त्यांची मोठी बहीण. तिला मीही अक्काच म्हणायचो. आईवडील लवकर गेले. अक्कांनी मुलींच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, धाकट्या भावाला शिकवलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. माझी खोली दोन गल्ल्या सोडून होती. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला असे. एखाद्या रविवारी गेलो नाही तर सोमवारी अण्णांच्या डब्यातून माझ्यासाठी वेगळी पुडी यायची.

अण्णांच्या हाताबद्दल सांगायला हवं. ड्रॉइंग ऑफिसात वीसएक जण होते, पण यंत्राच्या अवघड भागाचं चित्र अण्णांकडेच जायचं. कंपास न घेता ते असं वर्तुळ काढायचे की मी मागून कंपास लावून पाहिला तरी फरक दिसत नसे. अक्षरं तर छापल्यासारखी. नव्याने आलेल्या पोरांना साहेब त्यांची चित्रं नुसती बघायला लावायचे.

आणि त्यांना मोटारींचं वेड होतं. एका निवृत्त डॉक्टरांकडून त्यांनी एक लहान इंग्रजी गाडी घेतली होती, लढाईच्या आधीची. शनिवारी अर्धा दिवस झाला की आम्ही दोघं तिच्याखाली शिरायचो. येलहंक्याच्या पलीकडे लढाईच्या काळातली एक धावपट्टी ओस पडली होती. तिथे हौशी मोटारवाल्यांचं एक मंडळ वर्षातून एकदा शर्यत भरवायचं. तेलाची रिकामी पिंपं आणि गवताच्या पेंढ्या मांडून वळणं आखायची, आणि त्यातून पंधरा फेऱ्या मारायच्या. अण्णा तीन वर्षं बघायला गेले होते. चौथ्या वर्षी म्हणाले, "ह्या खेपेस आपण उतरायचं."

"जिंकायला?" मी विचारलं.

"जिंकायला नाही रे. एकदा गाडी पूर्ण सोडून बघायची, तेवढंच."

अक्का तयार नव्हत्या. तीन दिवस त्या अण्णांशी बोलल्या नाहीत. शेवटी मीच मध्ये पडलो. म्हटलं, "अक्का, गाडीचा खिळान् खिळा मी तपासून देतो. माझं कामच आहे ते." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तू बघितलंस तर सरी." सरी म्हणजे ठीक. आणि त्या आत जाऊन पोळपाट घेऊन बसल्या.

गाडीचं इंजिन अण्णांनी बघितलं. ब्रेक दोघांनी मिळून बसवले. टायर माझ्याकडे आले.

गाडीवर जे चार होते ते चांगल्या जातीचे, पण खूप फिरलेले. त्यांची नक्षी जवळजवळ पुसली गेली होती. नवे त्या मापाचे टायर बाजारात मिळत नव्हते. तेव्हा अशा गोष्टीसाठी महिनोन् महिने नाव लावून वाट बघावी लागे. उरला एकच मार्ग, जुन्या टायरवर नवं रबर चढवून घेणं. रिट्रेड म्हणत त्याला. बस, लॉरी, टॅक्सी, सगळं गाव रिट्रेडवर चालायचं.

मी एक इंग्रजी मासिक वाचायचो. त्यात शर्यतीच्या टायरांवर लेख होता, चित्रांसकट. खोल नक्षी, रुंद पट्टे. त्या लेखातल्या गाड्या कुठल्या रस्त्यावर पळत, कुठल्या हवेत, हे मी बघितलं नाही. कँटीनमध्ये चार जणांत मी जाहीर करून टाकलं की वळणावर गाडी धरून ठेवायची तर खोल नक्षीच पाहिजे, गुळगुळीत टायरवर उतरणं म्हणजे मूर्खपणा. अण्णा ऐकत होते. त्यांना रस्त्याची जाण माझ्याहून जास्त होती, पण ते म्हणाले, "टायर तुझे. तू ठरव."

कलासिपाळ्यात बसस्टँडमागे एका मेस्त्रींचं दुकान होतं. साठीला आलेले, बुटके, दाढी पांढरी, हातांचे तळवे रबराच्या काळ्या पुडीने कायमचे रंगलेले. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. तिच्यात वाफेवर तापणारा लोखंडी साचा, तो त्यांनी मद्रासहून आणलेला. दखनी बोलायचे, कन्नडही. सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत आणि त्यांच्या हाताखालून गेलेला टायर वर्षभर बघायला नको, असं टॅक्सीवाले सांगत.

मी त्याच मापाचे दुसरे चार जुने टायर मिळवून त्यांच्याकडे नेले आणि मासिकातलं चित्र दाखवलं. "अशी खोल नक्षी हवी."

त्यांनी प्रत्येक टायर हातात फिरवून आतून चाचपला. "कशाला?" त्यांनी विचारलं.

"गाडीला," मी म्हटलं. शर्यतीचं मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला आज नीटसं आठवत नाही. बहुधा एका पत्र्याच्या शेडमधल्या माणसाला सगळं समजावून सांगायची गरज वाटली नाही.

आठ दिवसांनी टायर तयार झाले. काळेभोर, नक्षी बोटभर खोल, नव्यांना लाजवतील असे. मी खूश झालो आणि खुशीत बोलून गेलो, "मेस्त्री, येलहंक्याच्या शर्यतीत सगळे बघत राहणार आता."

मेस्त्रींचा हात थांबला. "शर्यतीला लावणार? किती फेऱ्या?"

"पंधरा."

"नक्को साब," ते म्हणाले. मग त्यांनी मला शेडच्या आत नेऊन एका खोक्यावर बसवलं आणि समजावलं. हे टायर गावात फिरायला आहेत, तीस-चाळीस मैलाच्या वेगाला. नवं रबर जाड आहे, जाड रबर आत तापतं आणि ती उष्णता बाहेर पडत नाही. दुपारच्या सिमेंटवर सगळा वेग सोडला की जोड सुटेल आणि साल निघावी तसं रबर निघेल. "जुनेच लावा. गुळगुळीत आहेत तेच चांगलं. पातळ रबर लवकर गार होतं. सुक्या रस्त्याला नक्षी कशाला?"

मी हसलो. म्हटलं, जोड किती बळकट आहे ते आमच्याकडे यंत्रावर समजतं, अंदाजाने बोलू नये. त्यांनी वाद घातला नाही. कोपऱ्यातून रिट्रेडचा एक कापलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. "हा माझ्याच साच्यातला आहे. बघा तुमच्या यंत्रावर."

दुसऱ्या दिवशी मी त्या तुकड्याची एक पट्टी कापून यंत्रात धरली. जोड सुटला नाही. खालचा कापडी थरच आधी फाटला. आकडा इतका चांगला होता की मी कागद खिशात घालून संध्याकाळी मुद्दाम कलासिपाळ्याला गेलो.

मेस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गार असताना ओढला ना? तापवून ओढा, साब."

आमच्या खात्यात भट्टी होती. यंत्रापासून दहा पावलांवर. उरलेला तुकडा अर्धा तास तापवायचा आणि यंत्रात धरायचा, एवढंच काम. मी "बघतो" म्हटलं. मेस्त्री म्हणाले, "मी येऊ का तुमच्या अण्णांकडे? मी सांगतो त्यांना."

"नको, मी सांगतो," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी अण्णांच्या अंगणात आम्ही टायर बसवत होतो. जुने चार भिंतीला टेकून उभे होते, नवे चार जमिनीवर. अण्णांनी रिट्रेडवरून हात फिरवला. "छान केलेत. मेस्त्री काय म्हणाले? जोराने पळवले तर चालतील ना?"

अक्का पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचीही मान वर झाली.

"हो," मी म्हटलं. "यंत्रावर तपासलेत मी. आकडा उत्तम आहे."

हे खोटं नव्हतं. आकडा उत्तमच होता. पण प्रश्न मेस्त्री काय म्हणाले हा होता, आणि त्याचं उत्तर मी गिळलं. खरं सांगितलं असतं तर अण्णांनी एक क्षणही न थांबता जुने टायर लावले असते, हे मला ठाऊक होतं. आणि मग सोमवारी कँटीनमध्ये मला चार जणांसमोर सांगावं लागलं असतं की कलासिपाळ्यातला म्हातारा म्हणतो ते बरोबर. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी इतक्या वर्षांत शोधून पाहिलं आहे, सापडलं नाही.

शर्यत दुसऱ्या दिवशी, रविवारी होती. फेब्रुवारी संपत आला होता, आकाशात ढग नाही, आणि अकरालाच धावपट्टीच्या सिमेंटवरून झळा हलताना दिसत होत्या. लोक छत्र्या, डबे घेऊन आले होते. अक्का आल्या नाहीत. पण डबा दिला होता, चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि उरलेलं माझ्याकडे दिलं. "परत आल्यावर खातो."

सुरुवात चांगली झाली. अकरा गाड्या होत्या आणि चौथ्या-पाचव्या फेरीला अण्णा पाचवे होते. वळणावर गाडी खरंच धरून राहत होती. समोरून जाताना त्यांनी मला एक हात हलवून दाखवला. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर असावं तसं हसू होतं. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "टायर बघा. आपण केलेत."

नवव्या फेरीला मला रबराचा वास आला. सगळ्याच गाड्यांचा येत होता, मी लक्ष दिलं नाही. अकराव्या फेरीत अण्णांची गाडी लांबच्या सरळ रस्त्यावर होती, पूर्ण वेगात. डाव्या पुढच्या चाकातून काहीतरी काळं, लांब, पट्ट्यासारखं वर उडालं. आधी मला वाटलं कापड आहे. मग फटफट असा आवाज आला, गाडी डावीकडे ओढली गेली, पिंपांना धडकली आणि कुशीवर पडून घसरत गेली.

मी धावलो. तो काळा पट्टा धावपट्टीवर पडला होता, टायरच्या पूर्ण घेराएवढा, नक्षी शाबूत. मी त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलो.

अण्णा शुद्धीवर होते. डोक्याला खोक पडली होती, ती किरकोळ होती. उजवा हात कोपरापासून गाडीच्या दाराखाली अडकला होता. चार जणांनी गाडी उचलली तेव्हा त्यांनी फक्त एकदा अक्कांना हाक मारली.

हात वाचला, पण कोपर वाकेना. मनगटही नीट वळेना. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला नेऊन सांगितलं, आणि अक्कांनी मला सांगितलं, "तो आता चित्र काढू शकणार नाही म्हणे." त्या रडल्या नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू किती केलंस त्याच्यासाठी. त्या मेस्त्रीनं घात केला."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी अक्का आणि मी दवाखान्यात अण्णांच्या खाटेपाशी बसलो होतो. दाराशी मेस्त्री आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात मोसंब्यांची पिशवी. ते उंबऱ्यातच थांबले. अक्कांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण हात पाहून ओळखलं असावं.

त्या उठल्या आणि कन्नडमध्ये बोलू लागल्या. आवाज चढवला नाही, वर्गात बोलावं तसं एकेक शब्द स्पष्ट. येत नाही तर काम घेता कशाला? लोकांच्या जिवावर रबर चिकटवता? माझ्या भावाचा हात तुम्ही खाल्लात. ही फळं घेऊन जा आणि पुन्हा तोंड दाखवू नका.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता मी काही बोलेन म्हणून वाट बघत असल्यासारखं. मी खाटेच्या लोखंडी पायाकडे पाहत राहिलो. तिथला रंग उडाला होता आणि त्याखाली जुना हिरवा रंग दिसत होता. तो मला अजून दिसतो.

मग मेस्त्री हळूच म्हणाले, "तप्पायतु, अम्मा." चूक झाली, आई. त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली आणि गेले. अक्कांनी ती नर्सला देऊन टाकली.

त्याच आठवड्यात मी कारखान्यात तो उरलेला तुकडा शोधून काढला. भट्टीत अर्धा तास ठेवला, चिमट्याने काढला, यंत्रात धरला. पूर्वीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शालाही रबर टिकलं नाही. केळ्याची साल निघावी तसं सुटून आलं. मी कागदावर आकडा लिहिला. सही केली नाही. कागदाचे तुकडे करून भट्टीत टाकले. का तपासलं मग? कदाचित मेस्त्री चुकले असतील अशी आशा होती.

गावात बातमी पसरली. मोटारवाल्यांच्या मंडळात, गॅरेजांत, ड्रॉइंग ऑफिसात सगळीकडे एकच: मेस्त्रीच्या टायरने माणूस अपंग केला. अण्णा स्वतः कुणाला शिव्या देत नसत, पण विचारलं तर खरं समजून तेच सांगत. कारखान्याने त्यांना काढलं नाही. स्टोअरमध्ये बसवलं; येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहायच्या. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा ते चार ओळी लिहून घाम पुसत होते. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं होतं. मला बघून हसले. "नोड, पुन्हा शाळेत घातलं मला." नोड म्हणजे बघ.

मी रविवारी जेवायला जातच होतो. ते सगळ्यात वाईट होतं. अक्का मला आधीपेक्षा आग्रह करून वाढत.

वर्षभराने मी कलासिपाळ्याला गेलो. आधी दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परतलो होतो. शेडमध्ये साचा नव्हता. त्याच्या जागी सिमेंटवर चार बोल्टांचे खड्डे होते. मेस्त्री सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मला बसायला तेच खोकं पुढे केलं.

"साचा?" मी विचारलं.

"विकला. कोणी येत नव्हतं."

मी म्हटलं, मेस्त्री, मी तुमची माफी मागायला आलो आहे. ते ट्यूब पुसत राहिले. मग म्हणाले, "मला कशाला सांगता? मला तर माहीतच आहे. त्यांना सांगा."

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात? दवाखान्यात?"

"आजारी माणसाच्या खाटेजवळ भांडण नाही करत, साब." ट्यूब खाली ठेवून ते म्हणाले, "आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. आज नाही तर उद्या. आणि माझीही चूक होतीच. टायर तुमच्या हातात द्यायला नको होते मी."

मी तिथून निघालो तो सरळ चामराजपेटेत जायचं ठरवून. अण्णांच्या फाटकापाशी आलो. आतून अक्कांचा हसण्याचा आवाज आला. शाळेतली काही गंमत सांगत होत्या. अपघातानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आज नको, असं मी स्वतःला म्हटलं. ते 'आज नको' तीन वर्षं चाललं.

उगादीचा, म्हणजे आपल्या पाडव्याचा, दिवस होता. अण्णांचं लग्न ठरत आलं होतं, अक्का खुशीत होत्या, पानात ओब्बट्टू होता, आपल्या पुरणपोळीसारखा. वाढता वाढता अक्का म्हणाल्या, "आज मार्केटजवळ कोण दिसला माहीत आहे? तो मेस्त्री. शेडसुद्धा राहिली नाही त्याची. झाडाखाली बसून पंक्चर काढतो. नजर गेलीय, ट्यूब डोळ्यांपाशी धरून बघत होता." आणि त्यांनी तूप वाढलं. "देव असतो म्हणायचं."

अण्णा काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. मी पान बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. मेस्त्री नको म्हणाले होते, जुने लावा म्हणाले होते, स्वतः येऊन सांगतो म्हणाले होते. भट्टीचं सांगितलं. दवाखान्यातलंही.

बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. अण्णा डाव्या हाताने जेवत होते. त्यांनी तो हात पानाच्या कडेला टेकवून ठेवला आणि त्याच्याकडेच बघत बसले.

अक्कांनी विचारलं, "दवाखान्यात मी त्यांना बोलत होते तेव्हा तू तिथेच होतास."

"होतो, अक्का."

"आणि ते 'तप्पायतु' म्हणाले."

"हो."

त्या उठून आत गेल्या. तुपाचं भांडं जमिनीवरच राहिलं.

अण्णा म्हणाले, "टायर चुकले तर चुकले रे. मीही बघायला हवं होतं, गाडी माझी होती. ते मी कधीच तुझ्यावर घातलं नसतं." मग म्हणाले, "पण चार वर्षं तू त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून ऐकत बसलास."

मी म्हटलं, उद्या आपण तिघं त्यांच्याकडे जाऊ.

"आम्ही जातो," अण्णा म्हणाले. "तुम्ही येऊ नका."

त्यांनी मला कधीच तुम्ही म्हटलं नव्हतं. पुढे नेहमी तुम्हीच म्हणत राहिले.

ती दोघं दुसऱ्या दिवशी गेली. तिथे काय बोलणं झालं हे मला कोणी सांगितलं नाही. एवढं कळलं की अण्णांनी मोटारवाल्यांच्या मंडळात आणि ओळखीच्या प्रत्येक गॅरेजात स्वतः जाऊन खरी हकीकत सांगितली; माझं नाव न घेता, "आमच्याकडून चूक झाली, मेस्त्रींनी सांगितलं होतं" असं. काही जण मेस्त्रींकडे परत गेले. पण साचा गेलेला होता, नजर गेलेली होती. परत जाऊन त्यांच्याकडे करून घेण्यासारखं काम उरलं नव्हतं. अक्का दर महिन्याला डबा घेऊन त्यांच्या झाडापाशी जात, हे मला ड्रॉइंग ऑफिसातल्या एकाने सांगितलं. नंतर मेस्त्री मुलीकडे कोलारला गेले आणि वर्षभरात वारले. मी त्यांना शेवटचं भेटायला गेलो नाही. पत्ता मिळवता आला असता.

रविवारचं जेवण बंद झालं. कुणी बंद केलं नाही. मी गेलो नाही आणि सोमवारी पुडी आली नाही. अण्णांच्या लग्नाला मला पत्रिका होती. मी गेलो, अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो. अण्णांनी बायकोशी ओळख करून दिली, "हे तपासणी खात्यात असतात." त्यात टोमणा नव्हता. नुसती ओळख होती.

साठचं दशक सरता सरता मी बदली मागून घेतली आणि नाशिककडे आलो. निघण्याआधी चामराजपेटेत निरोप घ्यायला गेलो तेव्हा अण्णा कामावर होते. अक्कांनी कॉफी दिली. गाडी किती वाजता आहे, जागा मिळाली का, एवढं विचारलं. भिंतीवर एक नवं चित्र होतं, गाडीच्या इंजिनाचं, पेन्सिलीने काढलेलं. रेषा जरा थरथरलेल्या, पण मापं नेमकी. "डाव्या हाताने काढलंय," अक्का म्हणाल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. "छान आहे," एवढंच म्हणालो.

नाशिकहून मी एक पत्र लिहिलं, अण्णांच्या नावाने. पानभर लिहिलं आणि पुन्हा माफी मागितली. उत्तर अक्कांच्या अक्षरात आलं. अण्णाला मुलगी झाली, ती बरी आहे, तो बरा आहे, तुझ्या पत्राने त्याला बरं वाटलं, पण लिहायला त्याला वेळ लागतो, तू मात्र लिहीत जा.

शेवटची ओळ मी किती वेळा वाचली असेल. लिहायला बसलो की वाटे, आता काय लिहायचं, सगळं तर सांगून झालं. अण्णांना माझं कबुलीचं पत्र नको असेल, साधं पत्र हवं असेल, हवापाण्याचं, मुलाबाळांचं, हे मला फार उशिरा सुचलं. तोवर अक्का गेल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं, आणि नुसतं साधं पत्र लिहायची वेळ निघून गेली होती.